हरीण, रिव्हॉल्व्हर आणि साठ यार्ड

मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला आणि पंचाईत करून घेतली. फोटोत मी कोलंबसजवळच्या एका बंदुकीच्या दुकानात काउंटरपाशी उभा आहे, हातात वीतभर नळीचं रिव्हॉल्व्हर आणि त्याच्या डोक्यावर बसवलेली दुर्बीण. आत्यानं विचारलं, "हे भिंतीला भोकं पाडायचं मशीन आहे का रे?" मामेभावानं पाच अंगठे पाठवले. बाबांच्या नावापुढे दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढचे चार दिवस काहीच आलं नाही.

पाचव्या दिवशी नार्नूरहून फोन. कापसाचा भाव झाला, आईचा गुडघा झाला, नातीची चौकशी झाली. मग बाबा म्हणाले, "तू हरणं माराले जाणार म्हणे?"

"बाबा, इथं त्याचं रीतसर लायसन्स मिळतं."

"लायसनचं नाही विचारत मी," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

ज्यांना नार्नूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, डोंगराळ भागातलं हे गाव. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, शेजारी गोंडी आणि तांड्यावर बंजारा, अशा चार भाषांत आम्ही वाढलो. पौष महिन्यात गावात तोडसम कुळाची खामदेवाची जत्रा भरते. आजूबाजूला अजून बऱ्यापैकी जंगल आहे. दक्षिणेकडचं कवल २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं आणि पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रातलं टिपेश्वर आहे. शेतात रानडुक्कर, रोही आणि चितळ येणं ही आमच्याकडे बातमी नसते. बातमी असते ती पीक वाचलं तर.

मी नऊ वर्षांचा असताना आबाजींबरोबर रात्री मचाणावर झोपायला जायचो. काम एकच, पत्र्याचा डबा वाजवायचा. एका सकाळी तुरीच्या ओळीत एक चितळ मादी पडलेली दिसली. कोणीतरी चोरून भरमार बंदुकीनं मारलेलं, छर्रे मागच्या मांडीत आणि पोटात गेलेले. दोन दिवस तरी तशीच फिरली असावी, कारण जखमेत अळ्या होत्या. ती जिवंत होती. आबाजींनी तिच्या तोंडाशी पाणी ठेवलं, जंगलखात्याला निरोप धाडला आणि बाजूला बसून राहिले. माणसं येईपर्यंत ती गेली होती. घरी येताना आबाजी एवढंच म्हणाले, "मारणाऱ्याले मारता नाही आलं."

बाबा लायसन्सबद्दल विचारत नव्हते ते यामुळे. आणि खरं सांगायचं तर दुकानात उभा असताना माझ्याही डोक्यात ती तुरीची ओळ होतीच.

आता मी या भानगडीत पडलो कसा? आमच्या शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट आजोबा राहतात. त्यांच्या भावाचं ओहायोतच दीड तासावर शेत आहे आणि त्या शेतात, योगायोग बघा, सोयाबीन. हरणं त्यांचंही सोयाबीन खातात. फरक इतकाच, की आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा, तर इथं हरणांची संख्या ठरावीक हंगामात, ठरावीक परवान्यांनी आटोक्यात ठेवतात. आपल्या मुलांना हे विचित्र वाटतं. "तिकडे जेल आणि इकडे परमिट?" असं मला मंडळाच्या पिकनिकला एका कॉलेजच्या मुलानं विचारलं होतं. त्याचं उत्तर इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोतून पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळजवळ नाहीसं झालं होतं. मग ते जपलं, वाढवलं, आणि १९४३ मध्ये फक्त तीन काउंट्यांत पहिला आधुनिक हंगाम उघडला. लांडगे आणि कूगर इथं उरले नव्हते, त्यामुळे वाढलेल्या कळपाला आवर घालणारं दुसरं कोणी नाही. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या किमतीतही तो १० टक्के होता. म्हणजे नार्नूरच्या जंगलाला इथला नियम लावायचा नाही आणि इथल्या जंगलाला तिथला.

तांत्रिक भागाकडे वळण्याआधी व्हिसाचं बोलू, कारण आपल्यातले बरेच जण माझ्यासारखेच एच-वन-बीवर वर्षानुवर्षं रांगेत आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानं बंदूक जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेलं, चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. दुकानात फॉर्म ४४७३ भरताना ते दाखवावं लागतं. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपली, आणि कपाटात पडलेली बंदूक तुमच्या ग्रीन कार्डच्या मुळावर येऊ शकते. मी नूतनीकरणाची आठवण कॅलेंडरमध्ये तीन वेळा लावली आहे. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय काउंटरपाशी जाऊच नका. आणि आपल्या मुलांसाठी, दुकानातून हँडगन घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात.

लायसन्स मिळण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो मी केला. हरणाचं परमिट वेगळं. दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी. आणि बायकोची अट सगळ्यांत कडक होती, "घरात सहा वर्षांची पोर आहे. आधी तिजोरी येईल, मग रिव्हॉल्व्हर." तिजोरी आली, जमिनीला बोल्ट केली. काडतुसं वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. ती शाकाहारी आहे हे जाता जाता सांगतो.

हँडगनच का, रायफल का नाही? हा प्रश्न मला प्रत्येकानं विचारला आणि माझ्याकडे फार उदात्त उत्तर नाही. ज्या पट्ट्यात आम्ही बसतो ते दाट झाडीचं छोटं रान आहे, शंभर यार्डांच्या पलीकडे दिसतच नाही. झाडावरच्या बैठकीत लांब बंदूक सांभाळणं जिकिरीचं. शेजारचे आजोबा वर्षानुवर्षं रिव्हॉल्व्हरनंच जातात आणि मी त्यांच्याकडूनच शिकत होतो. बाकी थोडी हौस होती, ती नाकारत नाही. पण नुसतं हरीण मिळवायचं असेल तर रायफल किंवा शॉटगन जास्त सोपी आणि नवशिक्याच्या हातात हरणासाठीही जास्त दयाळू आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ओहायोच्या नियमानं निम्मी निवड परस्पर होते. हरणासाठी हँडगनची नळी किमान पाच इंच हवी आणि काडतूस सरळ भिंतीचं, .३५७ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरचं हवं. सरळ भिंतीचं म्हणजे डब्यासारखं. बाटलीसारखी खांद्याशी निमुळती होणारी काडतुसं चालत नाहीत. त्यामुळे .३०-३० सारखी रायफलची काडतुसं उडवणारी थॉम्पसन-सेंटर कंटेंडर, जी १९६७ पासून हँडगनच्या शिकाऱ्यांची लाडकी आहे, ती त्या नळीसह इथं बाद. दुसऱ्या राज्यात ती चालेल, आणि एकच गोळी घेणारं ते पिस्तूल लांबच्या नेमाला रिव्हॉल्व्हरपेक्षा सरसच आहे. तुमच्या राज्याचा नियम आधी वाचा, मग यूट्यूब बघा. मी उलट केलं आणि दोन वीकेंड वाया घालवले.

राहिली रिव्हॉल्व्हरची तीन प्रमुख काडतुसं. .३५७ मॅग्नम १९३५ चं, धक्का कमी, सराव स्वस्त. कायद्यात बसतं, पण पन्नास यार्डांच्या आसपास त्याचा हरणावरचा भरवसा संपतो असं जुने लोक सांगतात. .४५४ कॅसुल दुसऱ्या टोकाला. मी रेंजवर त्याच्या पाच गोळ्या झाडल्या. तिसऱ्यापासून चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. ही सवय एकदा लागली की जात नाही, म्हणून सहावी झाडलीच नाही. मधलं .४४ मॅग्नम, १९५५ च्या सुमारास आलेलं आणि १९७१ च्या डर्टी हॅरी सिनेमानं घराघरांत पोचवलेलं. मी ते घेतलं, पण सिनेमासाठी नाही. त्यातली २४० ग्रेनची गोळी नळीतून साधारण सेकंदाला १३५० फुटांनी निघते आणि शंभर यार्डांवर तिची एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा खर्च झालेली असते, तरी हरणासाठी ती पुरते. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सरावासाठी हलकी .४४ स्पेशल काडतुसंही चालतात, हा मोठा फायदा. मी सरावातल्या दर तीन गोळ्यांतल्या दोन स्पेशलच्या झाडतो.

रिव्हॉल्व्हर घेतलं ते रूगर सुपर रेडहॉक, साडेसात इंच नळीचं. वजन ५३ औंस, म्हणजे दीड किलो. कमरेला लावून मिरवण्यासारखं अजिबात नाही, छातीवर पट्ट्यांनी बांधून न्यावं लागतं. पण शिकारीत वजन हा मित्र असतो, कारण ते धक्का खातं. दुसरं कारण जास्त इंजिनिअरचं आहे. याच्या सांगाड्यातच दुर्बिणीच्या कड्या बसवायच्या खाचा कोरलेल्या येतात. .४४ चा धक्का दुर्बिणीला दर वेळी पुढे ढकलत असतो आणि स्वस्त पट्टीवर बसवलेली दुर्बीण पन्नास-साठ गोळ्यांत सरकते. सरकली की नेम कुठे आहे आणि गोळी कुठे जाते याचा संबंध संपला. आणि हे तुम्हाला कळतं ते हरीण जखमी होऊन पळाल्यावर.

आता दुर्बीण. इथं मी सगळ्यांत जास्त चुकणार होतो. रायफलची दुर्बीण डोळ्यापासून तीन-चार इंचांवर धरायची असते. हँडगन हात लांब करून धरतात, म्हणून तिची दुर्बीण वेगळी बनवतात, साधारण १२ ते २४ इंचांवरून चित्र पूर्ण दिसेल अशी. रायफलची दुर्बीण लावलीत तर हात लांब असताना काळ्या वर्तुळात वाटाण्याएवढं चित्र दिसेल, आणि ते नीट दिसावं म्हणून जवळ आणलीत तर भुवई फुटेल. दुकानात स्वतःचा हात ताणून बघा. माझे हात आखूड आहेत, त्यामुळे आजोबांना आवडणारी एक दुर्बीण मला चाललीच नाही.

किती पट मोठं करणारी घ्यायची? मी साहजिकच दोन ते सात पटीची मागितली. जास्त आकडा म्हणजे चांगलं, असा आपला सॉफ्टवेअरवाल्यांचा समज. आजोबांनी सात पटीवर लावून माझ्या हातात दिली आणि साठ यार्डांवरच्या खुणेवर धरायला सांगितलं. खूण दिसायलाच पाच सेकंद लागली आणि दिसली तेव्हा ती नाडीच्या ठोक्याबरोबर उड्या मारत होती. तीच खूण दोन पटीवर शांत होती. हात तितकाच हलत होता, पण दोन पटीवर तो कंप डोळ्याला टोचत नाही आणि माणूस चाप हिसकत नाही. शिवाय उजेडाचं गणित आहे. भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत. २० मिलिमीटरच्या भिंगाला दोन पटीवर १० मिलिमीटर, तर ३२ च्या भिंगाला सात पटीवर साडेचारच. हरणं निघतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. शेवटी साधी, न बदलणारी दोन पटीची लिउपोल्ड घेतली. स्वस्त पडली आणि त्यात बिघडण्यासारखं कमी आहे. लाल ठिपक्याचं साइटही वाईट नाही, जवळच्या अंतरावर उलट जास्त झटपट. पण चार मिनिटांचा ठिपका शंभर यार्डांवर चार इंच झाकतो आणि फांद्यांच्या गुंत्यातून बघायला मला थोडं मोठं चित्र हवं होतं.

सगळं घेतल्यावर खरं काम सुरू झालं. दुर्बीण पन्नास यार्डांवर जुळवली. तिथे नेम आणि गोळी एक असली, तर शंभरला गोळी साडेचार-पाच इंच खाली जाते. रेंजवर वाळूच्या पिशवीवर टेकवून मी शंभर यार्डांवर तीन इंचांत गोळ्या घालत होतो आणि मनातल्या मनात शंभर यार्डांचा शिकारी झालो होतो. आजोबांनी पिशवी काढून घेतली.

त्यांची परीक्षा साधी आहे. नऊ इंची कागदी थाळी टांगायची, कारण हरणाचं हृदय आणि फुप्फुसं साधारण आठ इंचांच्या वर्तुळात बसतात. रानात जसे बसणार तसेच बसायचं, पाठ झाडाला, हात दोन काठ्यांच्या टेकूवर, अंगात जाड जॅकेट. दहा गोळ्या. दहाच्या दहा थाळीत गेल्या तर ते अंतर तुमचं. नऊ गेल्या तर नाही. मी अर्थातच एक्सेल शीट केली. शंभर यार्डांवर सहा. ऐंशीवर सात. सत्तरवर एकदा नऊ, एकदा आठ. साठवर दहा, पुढच्या आठवड्यात पुन्हा दहा, आणि थंडीत बोटं बधिर झालेली असतानाही दहा. साठ यार्ड म्हणजे क्रिकेटच्या तीन पिचांना थोडं कमी. चार महिने, भरपूर पैसे आणि .४४ मॅग्नमचं एवढं नाव, आणि पदरात पडलं ते हे. पण ते माझं होतं.

सरावाबद्दल दोन गोष्टी, कारण त्या न सांगितलेल्या मी पाहिल्या आहेत. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून तापलेला वायू सुरीसारखा बाजूला निघतो, म्हणून टेकू देताना आधाराचा हात किंवा बोट तिथून पुढे कधीही ठेवायचं नाही. आणि कानांना संरक्षण रेंजवरही हवं आणि रानातही. एकच गोळी तर आहे म्हणून काढून ठेवणाऱ्यांना नंतर बायकोचं बोलणं खरोखरच ऐकू येत नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम सुरू झाला. नारिंगी जॅकेट, सूर्योदयाआधी अर्धा तास. पहिल्या दिवशी एक मोठा नर आला, फांद्यांसारखी शिंगं, बाजू पूर्ण माझ्याकडे. मी आदल्या दिवशी झाडांना फिती बांधून अंतरं मोजून ठेवली होती. तो ऐंशीच्या फितीपाशी उभा होता. दुर्बिणीत अगदी स्वच्छ दिसत होता. शीटमध्ये ऐंशीसमोर सात लिहिलं होतं. तीन गोळ्या थाळीच्या बाहेर गेल्या होत्या, त्यातल्या एखादीची जागा तुरीच्या ओळीतल्या त्या मादीच्या मांडीवर होती. मिनिटभर तो चरत राहिला आणि निघून गेला. आजोबांना सांगितलं तर त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतून दिली, दुसरं काही नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक मादी चाळीसच्या फितीआत आली. एक गोळी. ती उडाली, पळाली, आणि झाडीत गवत हललेलं थांबलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत नोंद करायची असते, ती मी त्याच रात्री केली. अर्धं मांस फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री या संस्थेमार्फत गरजूंकडे गेलं. उरलेलं आजोबांच्या आणि आमच्या फ्रीजरमध्ये. माझी बायको त्या कप्प्याला अजून हात लावत नाही.

ग्रुपवर मी या वेळी फोटो टाकला नाही.

जानेवारीत जत्रेसाठी नार्नूरला गेलो. एका संध्याकाळी बाबा आणि मी शेताकडे चाललो होतो. रोह्यांनी कडेचा हरभरा तुडवला होता, बाबा कुंपणाला जुन्या साड्या बांधत होते. मी साडीचं दुसरं टोक धरलं आणि आपणहून सगळं सांगितलं. थाळी, फिती, ऐंशी यार्डांवरचा नर, मग ती मादी. बाबा गाठ मारत ऐकत होते.

"किती पळाली?" त्यांनी विचारलं.

"चाळीस पावलं. मी मोजली."

"आन् तू गेलास तवा?"

"संपलं होतं, बाबा."

त्यांनी गाठ ओढून बघितली, पक्की आहे का. मग म्हणाले, "तिकडची साडी सैल सोडली तू. ओढ जरा."